राजापूरचा आकडा, अलमट्टीची उंची आणि आमच्या मारुतीची तिसरी पायरी

कृष्णाकाठचा

मृग निघाला की इथं अलमट्टीवर, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणावर, एक धागा निघतो. कुणी ५१९.६० लिहितो, कुणी ५२४.२५६ लिहितो, दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांचा उद्धार होतो, आणि नदीचं पाणी उतरलं की धागाही तळाला जातो. हा धागा त्यासाठी नाही. धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला माझाही विरोध आहे, हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे "तुम्ही कुठल्या बाजूचे?" हा प्रश्न वाचेल.

माझं गाव शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीच्या खालच्या अंगाला. पंचगंगा कृष्णेला मिळाल्यावर जे काय व्हायचं ते आधी आमच्या दारात होतं. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर या डोळ्यांनी बघितले. वाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की लोक स्नानाला येतात, आणि आम्ही घरातली धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागतो.

२०१९ ची एक रात्र सांगतो. मोबाईलवर आकडे येत होते : सांगलीचा आयर्विन पूल इतके फूट, कोल्हापूरचा राजाराम बंधारा इतके फूट, कोयनेतून इतके क्युसेक. शेजारच्या आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. एकट्या बाई, तीन म्हशी, खालच्या आळीत पत्र्याचं घर. म्हणाल्या, "गुरुजी, हे एकोणपन्नास म्हंजे आपल्यात कुठवर ओ?"

सव्वीस वर्षं गणित शिकवलं. मला उत्तर देता आलं नाही.

वडील असते तर त्यांनी दिलं असतं. त्यांचं माप होतं मारुतीची पायरी. तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की खालची आळी रिकामी करायची. हातात अर्धा दिवस असतो. त्या रात्री मी तेच सांगितलं. पण मधल्या काळात गावाच्या खाली रस्त्याचा भराव पडलाय, दोन-तीन फूट नाही, चांगला पुरुषभर. संध्याकाळी दिवेलागणीला पाणी तिसऱ्या पायरीला होतं आणि अकराला आक्कांच्या गोठ्यात कमरेला. म्हशी सुटल्या, कारण पोरांनी दावी कापली. कपाट, शिलाई मशीन, रेशनकार्ड गेलं.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. नदी एक आणि मापं चार. सांगलीत फूट, धरणावर क्युसेक, अलमट्टीला मीटर, मंत्र्यांच्या तोंडी टीएमसी. त्यातही सांगलीचा फूट वेगळा, कोल्हापूरचा वेगळा : आयर्विनला धोका पातळी ४५, राजाराम बंधाऱ्याला ४३, आणि दोन्हीचा शून्य आपापल्या जागी. नदीच्या पलीकडं दहा-पंधरा किलोमीटरवर कर्नाटक लागतं, तिथली माणसं काय बघून गाव सोडतात, हे मला अजून नीट ठाऊक नाही.

तर प्रश्न दोन. वरचं-खालचं, इकडचं-तिकडचं सगळं मिळून आपण काही करू शकतो का? आणि पूर सगळ्यांना सारखा येतो म्हणतात, तो सारखा उतरतो का?

---

बरगेवाला

गुरुजी, नमस्कार. पाटबंधारे खात्यात हयात गेली, आता घरी बसून आकडेच वाचतो. तुमच्या आक्कांचा प्रश्न मला खात्यातल्या कुठल्याही बैठकीत ऐकू आला नाही, आणि तोच खरा प्रश्न होता.

थोडं हिशेबाचं सांगतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. साधारण ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतो. म्हणजे कोयनेतून एक लाख क्युसेक सोडले तर दिवसाला साडेआठ टीएमसीच्या वर पाणी खाली येतं. कोयना सगळी मिळून १०५ टीएमसी. अलमट्टीतून पाच लाखांचा विसर्ग सुरू झाला की तिकडून दिवसाला ४३ टीएमसी बाहेर पडतं. हे माहीत असलं की टीव्हीवरचा माणूस "लाखो क्युसेक, लाखो क्युसेक" ओरडायला लागला तरी छातीत धस्स होत नाही. (किंवा योग्य वेळी होतं.)

आता पंचगंगेचं. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून १,४२८ क्युसेक, सातही उघडले तर दहा हजारांच्या आत. कोल्हापुरात दरवाजे मोजत बसायची जुनी सवय आहे : "चौथा उघडला, पाचवा उघडला". पण खरं पाणी धरणाच्या खालच्या मुक्त पाणलोटातून येतं. डोंगरावर पडलं, ओढ्यातून आलं, त्याला दरवाजाच नाही. २०१९ नंतर वडनेरे समिती बसली, तिनं अतिवृष्टी, हे मुक्त पाणलोट आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं, अलमट्टीच्या फुगवट्याला (धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्याला) मुख्य कारण मानलं नाही. आपल्याकडं बऱ्याच जणांना ते पटलेलं नाही, अजून वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. मूळ पूर अलमट्टीनं आणलेला नसेल, पण खाली नदी तुंबलेली असताना वरचं पाणी रेंगाळतं, हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. मोरी तुंबली की न्हाणीघरात काय होतं?

आणि न्हाणीघरात आपणच अर्धा डझन विटा टाकून ठेवल्यात. महामार्गाचे भराव, पुलांचे जोडरस्ते, निळ्या रेषेतले प्लॉट. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती, लाल म्हणजे शंभर वर्षांचा. २००५, २०१९, २०२१ ही तीन सालं लिहून काढा आणि पंचवीस-शंभरचं काय करायचं ते सांगा.

जाता जाता : माझं नाव बरगेवाला का, ते कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात. एका सालात आमच्याकडून एका बंधाऱ्याचे राहिले. ठेकेदार आला नव्हता, पाऊस आधी आला. पहिल्याच पाण्याला ओंडके अडकले आणि वरच्या बाजूच्या शेतांचा काठ तुटून गेला. त्या शेतकऱ्यांपैकी कुणी अलमट्टीचं नाव घेतलं नाही. त्यांना ठाऊक होतं कोणाचं चुकलं.

---

वेदगंगेची

मी चिकोडी तालुक्यातली, लग्न होऊन निपाणी भागात आले. मराठीच बोलतो, कन्नड शाळेत शिकलो, दोन्हीकडच्या शिव्या कळतात.

गुरुजी, तुम्ही विचारलंत आम्ही काय बघतो. आम्ही राजापूर बघतो. तुमच्या शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा. तिथून किती क्युसेक येतंय तो आकडा आमच्याकडच्या कन्नड बातम्यांत पहिल्यांदा सांगतात. त्यात दूधगंगा-वेदगंगेचं पाणी मिळवायचं की कल्लोळच्या खाली कृष्णेत किती चाललंय ते कळतं. कल्लोळ-यडूरचा पूल बुडाला की मांजरीकडं जायचं बंद. म्हणजे तुम्ही अलमट्टीकडं बघून घाबरता आणि आम्ही तुमच्याकडं बघून.

आणि हसू नका, पण तुमच्याकडं अलमट्टीच्या नावानं जे चालतं तेच आमच्याकडं कोयनेच्या नावानं चालतं. "महाराष्ट्रानं पाणी सोडलं." माझे सासरे तर पावसाचं नावच घेत नाहीत, त्यांच्या लेखी सगळा पूर महाराष्ट्र सरकार मुद्दाम पाठवतं. उन्हाळ्यात तेच सासरे म्हणतात, महाराष्ट्र कोयनेचं पाणी सोडत नाही.

दुसरा प्रश्न घराचा. २०१९ ला माझं माहेर आणि माझी मावशी, दोघींची घरं पडली. माहेर कर्नाटकात, मावशी कोल्हापूर जिल्ह्यात. मधे एक नदी. कर्नाटकानं पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर केले. आपत्तीच्या केंद्राच्या निकषात तेव्हा पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये होते. मावशीला त्यावर राज्याचं काय काय मिळणार, घरकुलात नाव येणार का, याच्या चकरा सुरू झाल्या. मावशी म्हणायची, "नदीच्या त्या काठाला पडलं असतं तर बरं झालं असतं."

पण थांबा. माहेरचं ऐका. तिकडं घरांचे ए, बी, सी असे वर्ग केले. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर पडझड असेल तर ए. आमच्या घराच्या तीन भिंती उभ्या होत्या, ओल्या, फुगलेल्या, हात लावला तर माती हातात. माणूस बाहेरून फोटो काढून गेला. भिंती दिसल्या, वर्ग बदलला. दोन आठवड्यांनी त्या भिंती पडल्या तेव्हा फोटो काढायला कोणी नव्हतं.

---

मी_मराठी_९६

सगळा कर्नाटकाचा कावा आहे. पाण्यासाठी एक दिवस अलमट्टीवर मोर्चा न्यावा लागणार. बाकी चर्चा वेळ घालवायची.

---

वेदगंगेची

भाऊ, मोर्चा न्या. वाटेत आमचं गाव लागतं, चहा पाजते. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये येऊ नका, पूल पाण्याखाली असतो.

---

भाडेकरू

सांगलीत राहते, नदीपासून फार लांब नाही. जागा सांगत नाही, कारण घरमालक इथले धागे वाचतात असा मला संशय आहे.

दोन खोल्या, तळमजला. २०१९ ला पाणी छतापर्यंत. आम्ही नातेवाइकांकडं गेलो होतो. परत आलो तेव्हा गाद्या, पोरांची पुस्तकं, फ्रिज सगळं एकाच रंगाचं झालं होतं. तो चिखल वेगळाच असतो, त्याला वास येतो, डोक्यातून महिनाभर जात नाही.

सानुग्रह अनुदान शहरात १५ हजार होतं, खेड्यात १० हजार. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मालक दारात उभे. घर त्यांच्या नावावर, वीजबिल त्यांच्या नावावर, आमचं रेशनकार्ड गावाकडचं. ते वरच्या मजल्यावर राहतात. तिथं पाणी चढलंच नव्हतं. पैसे त्यांच्या खात्यावर. मालक तसे वाईट नाहीत, एक महिन्याचं भाडं सोडलं. पण सामान आमचं गेलं होतं.

आमच्या गल्लीत भाडेकरूंची सहा घरं होती. त्यातल्या दोघांना मिळालं, त्या दोघांनी नगरसेवकाच्या ओळखीनं मिळवलं. पूर सारखा उतरतो का, असं गुरुजींनी विचारलंय. आमच्याकडं तो आधी वरच्या मजल्यावरून उतरतो.

---

पंचनामा

भाडेकरूताई, तुमची तक्रार रास्त आहे. मी महसुलात होतो, दोन्ही पुरांत पंचनामे केलेत. बाजू मांडतो असं समजू नका, आतून कसं चालतं ते सांगतो.

चार दिवसांत शे-दीडशे घरं करायची असतात. वरून तोंडी आदेश, संध्याकाळी आकडा पाहिजे. अशा वेळी माणूस कागद धरतो. कागद कोणाकडं असतो? मालकाकडं. शेतीत तर सातबाराशिवाय पानच हलत नाही. आणि आपल्या भागात जमीन करणारा आणि सातबाऱ्यावर नाव असलेला, हे किती ठिकाणी एकच असतात? वाटेकरी असतो, खंडानं घेतलेला असतो, भाऊ पुण्यात असतो, बाई शेत करते आणि नाव मेलेल्या सासऱ्याचं असतं. ऊस कुजला तर भरपाई पुण्यातल्या भावाच्या खात्यावर. वाटेकऱ्यानं घातलेलं खत, मजुरी, सोसायटीचं कर्ज याचा रकानाच अर्जात नाही.

मजुराचं तर विचारूच नका. शेत महिनाभर पाण्याखाली म्हणजे त्याचे महिन्याचे रोज बुडाले. घरात पाणी आलं तरच तो पूरग्रस्त. घर उंचावर असलं आणि काम बुडालं तर त्याला कुठल्याच यादीत जागा नाही. वीटभट्टीवरची कुटुंबं तर गावच्या यादीतच नसतात.

एक गोष्ट मात्र केली होती आमच्या तलाठी सज्जात. २०२१ ला पावसाळ्याआधीच ग्रामसेवक, आशाताई आणि मी, तिघांनी बसून "राहतं कोण" याची वही केली. मालक कोण नाही, राहतं कोण. खाटेवरचं म्हातारं कुठं, बाळंतीण कुठं, जनावरं किती. त्याला सरकारी किंमत शून्य. पण पाणी चढायला लागलं तेव्हा कुणाला आधी हलवायचं ते तासाभरात ठरलं, आणि नंतर पंचनाम्यातही तीच वही मी पुढं ठेवली. दोन भाडेकरूंना मिळवून देता आलं. चार जणांचं वरून परत आलं.

---

कृष्णाकाठचा

पंचनामासाहेब, ती वही कशी होती, रकाने काय होते, जमलं तर इथं टाका. आक्कांसारखी माणसं त्यात पहिल्या पानावर पाहिजेत.

जनावरांचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. २०१९ ला आमच्याकडं लोक निघेनात याचं कारण आळस नव्हता, म्हशी होत्या. म्हैस म्हणजे आठवड्याचं दुधाचं बिल. छावणी होती शाळेत, आणि शाळेत म्हैस चालत नाही. पुरातली माणसं नेणारी ब्राह्मनाळची बोट त्याच आठवड्यात उलटली, त्यानंतर लोक बोटीत बसायलाही भ्यायले. २०२१ ला आधीच जनावरांसह हलवलं, माळावर दावण बांधली, तेव्हा माणसं आपणहून निघाली.

---

जतचा_दुष्काळी

पूरवाल्यांनो, माफ करा, घुसतो.

आम्ही त्याच सांगली जिल्ह्यातले. २०१९ च्या ऑगस्टात तुम्ही बोटीत होता तेव्हा आमच्या गावात टँकर चालू होता. टीव्हीवर सांगलीचा स्टँड पाण्यात बघत आम्ही टँकरची लाईन धरून बसलेलो. जिल्हा एक, कलेक्टर एक.

शेजारधर्माचं म्हणाल तर आमचा अनुभव ऐका. २०२२ च्या शेवटी सीमेवरच्या काही गावांनी कर्नाटकात जायची भाषा केली, तेव्हा तिकडून तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी आमच्या बाजूला सोडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ओढा वाहिला आणि त्याच्यावर राजकारण असं पेटलं की पाणी बघायचं राहून गेलं. मग इकडं म्हैसाळच्या विस्तारित योजनेला पळापळ झाली. आम्हाला दोन्ही राज्यांचं राजकारण चालतं, फक्त त्याला पाणी आलं पाहिजे.

त्याच्या आधी २०१९ च्या उन्हाळ्यात कर्नाटकानं कोयनेचं पाणी मागितलं होतं, तेव्हा आपल्या सरकारनं म्हटलं, आमच्या जतला आणि अक्कलकोटला तुम्ही तुमच्या कालव्यातून द्या. पाण्याच्या बदल्यात पाणी. कल्पना चांगली होती. आमच्याकडं उचलून आणण्यापेक्षा तिकडून उतारानं येणं स्वस्त. पण ती दर उन्हाळ्यात नव्यानं बोलायची गोष्ट झाली, कायमचा कागद झाला नाही.

आणि पुराचं पाणी आम्हाला द्या, पूरही जाईल दुष्काळही जाईल, असं जे भाषणात येतं ना, ते बरगेवाले काकांनी एकदा हिशेब करून सांगावं. मला त्याच्यावर विश्वास ठेवायचाय.

---

बरगेवाला

जतकर, विश्वास अर्धा ठेवा. पूर लाखात वाहतो आणि पंप हजारात उचलतात. सांगलीच्या पुलावरची पातळी त्यानं बोटभरही हलणार नाही. पण तुमचे तलाव भरायला ते पाणी पुरेसं आहे, आणि पुराच्या दिवसांत उचललं तर खालच्या कुणाच्या हक्काचं नसतं. पूरनियंत्रण म्हणून विकू नये, तलाव भरणं म्हणून करावं. अडतं कुठं? वीजबिलात. उपसा योजनांना ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असं धोरण आहे. पुराचं पाणी तलावात सोडलं तर ते १९ कुणी भरायचे, याच्यावर पंप सुरू व्हायला पाऊस संपतो.

बाकी कागदाचं म्हणाल तर २०२१ च्या जूनमध्ये तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले होते. पाऊस, विसर्ग, पातळी यांची माहिती एकमेकांना वेळेवर द्यायची असं ठरलं. महिन्याभरात पूर आला. आणि मला विचाराल तर त्या वेळी धरणं सोडायचा ताळमेळ २०१९ पेक्षा बरा होता. पातळी कोल्हापुरात २०१९ च्याही वर गेली, राजाराम बंधाऱ्याला ५६ फुटांच्या पुढं, ते पाऊसच तसा होता म्हणून. म्हणजे बोलणं झालं की फरक पडतो, पूर थांबत नाही. राज्यांच्या पाणीतंट्याचं मोठं प्रकरण, २०१० चा कृष्णा लवादाचा निवाडा, अलमट्टीची उंची, ते सर्वोच्च न्यायालयात अडकून आहे. ते सुटेल तेव्हा सुटेल. दरवाजे कधी उघडायचे यासाठी तो निकाल लागायची वाट बघावी लागत नाही.

---

डेल्टाकर

मूळचा इस्लामपूरचा, सध्या नेदरलँड्समध्ये. मला ठाऊक आहे, "आमच्या इकडं कसं छान" असं लिहिणाऱ्याला इथं चपला पडतात. तरी लिहितो.

इथं १९९३ आणि १९९५ ला ऱ्हाईन आणि मास नद्यांना लागोपाठ पूर आले. १९९५ ला अडीच लाख माणसं हलवली. त्याआधी शतकानुशतकं यांचा एकच उपाय होता, बांध उंच करा. त्यानंतर यांनी उलटं केलं, नदीला जागा दिली. तीसच्या वर ठिकाणी. नायमेखन शहरापाशी नदीचा बांध ३५० मीटर मागं सरकवला, त्यासाठी पन्नासच्या आसपास घरं पाडली. लोक भांडलेच. पण पैसे आधी दिले, नंतर घरं पाडली.

आपल्याला जवळची गोष्ट दुसरी आहे. ओव्हरडीप नावाचा एक शेतीचा पट्टा पुरात पाणी घ्यायला सोडायचा ठरला. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच पर्याय मांडला : आम्हाला उंच मातीचे ओटे बांधून द्या, त्याच्यावर घर आणि गोठा, खाली पाणी येऊ दे. काही जण जमीन सोडून गेले, उरले ते ओट्यांवर राहतात. गोठा घराबरोबर वर, हे मला बघताना फार लागलं. गुरुजींच्या आक्कांच्या म्हशी आठवायच्या आधीच.

आणि ऱ्हाईन जर्मनीतून येते. वर किती आलंय हे इथल्या माणसाला आधी कळतं, त्यासाठी कुणाला कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

---

ऊसवाला

डेल्टाकर, चपला नाही मारत, पण त्यांच्याकडं एकराला किती खातेदार? आमच्याकडं एका एकराला चार भाऊ आणि दोन बहिणींच्या सह्या. ओटा कुणाच्या वाट्यात बांधायचा यावर तीन पिढ्या भांडतील.

पण आपल्याकडंही झालंय बरं का एकत्र. शिरोळमध्ये क्षारपड जमिनी सुधारल्या त्या कशा? जमिनीखालून भोकांचे पाइप घातले. एकट्यानं घालून उपयोग नसतो, कारण तुझं खारं पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला जायचं असतं. वरच्यानं, मधल्यानं, खालच्यानं, सगळ्यांनी एकदम हो म्हटलं तेव्हा ते पाणी निघालं. शेकडो एकर पांढरं पडलेलं रान पुन्हा उसाखाली आलं. मधल्या एकानं जरी नाही म्हटलं असतं तर वरचे सगळे मेले असते.

उसाचं पण एक लिहून ठेवतो, कामाचं आहे. बुडका चार दिवस पाण्यात राहिला तर ऊस टिकतो. शेंड्यावरून पाणी गेलं आणि शेंड्याच्या पानांच्या सुरळीमध्ये गाळ बसला की संपलं. बाहेरून हिरवा दिसतो, पंचनामा करणारा लांबून "उभा आहे" लिहून जातो. पंधरा दिवसांनी चिरून बघा, आत लाल. पंचनामा दोनदा करावा, एवढी एक मागणी तरी दोन्ही राज्यांत एकदम करता येईल. घराचंही वेदगंगाताईंनी तेच सांगितलं.

---

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून एक ओळ. कोयनेचं सगळं पाणी कृष्णेत येत नाही हे विसरू नका. कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला ६७.५ टीएमसी दिलंय, ते वाशिष्ठीत उतरतं. २२ जुलै २०२१ ला आमचं गाव बुडालं तेव्हा "कोयनेनं सोडलं की नाही" हा प्रश्न आमच्याकडंही होता. पाण्याची खबर द्यायला मोबाईलवर ग्रुप करणार असाल तर घाटाखालच्यांनाही धरा. गाळ कसा काढायचा ते आमच्याकडून शिका, दोन पावसाळ्यांच्या अनुभवाचं ज्ञान फुकट.

---

कृष्णाकाठचा

बरंच साचलं. मला जे सुचतंय ते लिहितो, मग ठोका.

आमच्या गावातून रोज पहाटे दुधाचा टेंपो निघतो. त्याचा ड्रायव्हर सीमेच्या दोन्हीकडची गावं फिरतो. कुठल्या ओढ्यावर पाणी आलंय, कुठला पूल बंद होतोय, हे त्याला कलेक्टर ऑफिसच्या आधी ठाऊक असतं. २०२१ ला मी त्याला रोज विचारायचो आणि एका वहीत लिहायचो : सकाळी सहाला राजापूरला किती, आयर्विनला किती, आणि आमच्या पायरीला किती. पाणी उतरल्यावर वही चाळली तर नवा हिशेब सापडला. भराव पडल्यापासून तिसरी पायरी ते खालची आळी यात अर्धा दिवस नाही, चार तास आहेत. आणि वाडीला पाणी अमुक ठिकाणी आलं की आमच्या पहिल्या पायरीला दुसऱ्या दिवशी येतं. वडिलांचं माप चुकलेलं नव्हतं. जुनं झालं होतं.

म्हणून म्हणतो, प्रत्येक गावानं आपली पायरी नव्यानं मोजायची. विजेचा खांब, शाळेची भिंत, देऊळ, मशीद, काय असेल ते. त्यावर रंगानं पट्टी. आणि पट्टीशेजारी लिहायचं : इथवर पाणी आलं की कुठली आळी निघायची. फूट नको, क्युसेक नको. आक्कांना वाचता येत नाही, त्यांना रंग कळतो. पंचनामासाहेबांची "राहतं कोण" वही त्याच पट्टीला जोडायची.

---

बरगेवाला

कल्पनेत काही चूक नाही, दोन धोके सांगतो. एक, पट्टीचा शून्य सर्वेक्षणाच्या उंचीला बांधून घ्या, नाहीतर पुढच्या साली कुणीतरी नवा भराव घालेल आणि तुमची पट्टीही मारुतीच्या पायरीसारखी जुनी होईल. लेव्हल घ्यायचं यंत्र मी आणतो, अजून डोळे चालतात. दोन, ग्रुप. २०२१ ला "धरण फुटलं" असा आवाजी मेसेज फिरला होता, माझ्या बायकोनंच मला पाठवला. ग्रुपवर फक्त आकडा, वेळ आणि फोटो. आवाज बंद.

---

भाडेकरू

आणि वहीत भाडेकरूचा रकाना. मालकाच्या सहीशिवाय.

---

पंचनामा

रकाने असे होते : घर क्रमांक, सध्या राहणारा, मालक (वेगळा असल्यास), माणसं, त्यात चालता न येणारी, जनावरं, मोबाईल, कुठं जाणार. शेतासाठी वेगळं पान : सातबाऱ्यावर कोण, कसतो कोण, कामाला कोण येतं. शेवटच्या रकान्यावरून गावात सगळ्यात जास्त वाद झाला. तोच रकाना ठेवा.

---

वेदगंगेची

आमच्या बाजूची चार गावं मी धरते. पट्टीवर आकडे घालणार असाल तर कन्नडमध्येही घाला. कन्नड आकडे आणि आपले आकडे वेगळे, पूर आल्यावर कुठला कुठला ते ठरवत बसायला नको. सासऱ्यांना सांगितलं, महाराष्ट्रवाले पट्टी रंगवायला येणार आहेत. म्हणाले, "पाणी सोडायच्या आधी कळवतात का ते विचार." तर विचारते.

---

कृष्णाकाठचा

मामांना सांगा, सकाळी सहाचा राजापूरचा आकडा पहिला त्यांना येईल.

रविवारी आठ वाजता आमच्या मारुतीपाशी. पिवळा आणि तांबडा रंग आणलाय, काळा संपला होता दुकानात, कुणीतरी येताना एक लिटर आणा. शिडी आक्कांकडं आहे.

---

ऊसवाला

काळा आणतो. शिडी तीच का, पुरात वाहून मळीत सापडलेली?

---

कृष्णाकाठचा

तीच. एक पायरी नाही तिला.